उलटं ठेवलेलं कार्ड

“पुन्हा या नंबरवर फोन केलात ना, तर तुमची तक्रार करीन!” असं ओरडून दम्याच्या पोराच्या आईनं फोन बंद केला. मी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला होता. या बाईचा आवाज कानाशी घ्यायचा नसतो, एवढं तीन वर्षांत शिकले होते.

दोन दिवसांनी ती आली. दरवर्षी यायचीच. पोराची बाही वर केली, माझ्याकडे न बघता फ्लूची सुई टोचून घेतली आणि निघून गेली. ना नमस्कार, ना चमत्कार. पोरगं मात्र दारातून मागे वळून हात हलवायचं. चार वर्षांचं, हडकुळं, श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायची.

बावीस वर्षं मी या केंद्रात लस टोचते आणि थंडीच्या आधी दोन महिने रोज अकरा ते बारा फोन करते. ‘मुलाची फ्लूची लस राहिलीय, घेऊन या.’ एवढंच वाक्य. त्यावर लोक जे बोलतात ते ऐकलं की माणूसजातीबद्दलचा आदर संपतो. “मागच्या वर्षी दिली होती की!” अहो, मागच्या वर्षी जेवलाही होतात. एक बाप मला म्हणाला, “आमचा मुलगा दणकट आहे, त्याला काही होत नाही.” आणि मागे तो दणकट मुलगा खोकत होता. वाढदिवसाचा फुगेवाला हे लोक महिनाभर आधी ठरवतात. लस म्हटली की यांना नेमका वेळ नसतो. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आमच्या घरी तरी वेगळं काय आहे? यांना रक्तदाबाच्या गोळीची आठवण केली की म्हणतात, “मला कळत नाही का?” आणि एक दिवस आठवण केली नाही, तर गोळी तशीच पडलेली.

माझी कार्डं एका पत्र्याच्या पेटीत. प्रत्येक मुलाचं एक. मागच्या बाजूला पेन्सिलनं माझ्या खुणा: फोन आजीला करायचा, बापाला नको, आई कधी मोकळी असते, कोणाचं घर बदललं. जो फारच उद्धट बोलेल त्याचं कार्ड मी उलटं ठेवायचे. उलटं कार्ड म्हणजे पुढच्या वर्षी फोन नाही. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. माझा होता. एवढाच काय तो माझा अधिकार, आणि तो मी मिजाशीत वापरायचे.

त्या दिवशी पोराची आई गेली आणि मी त्याचं कार्ड उलटं केलं. सुंठेवाचून खोकला गेला, असं म्हणून चहा प्यायले. चहा गोड लागला, हेही आठवतं.

पुढच्या वर्षी आमच्याकडे नवे साहेब आले. आम्ही मागे त्यांना हिरवेसाहेब म्हणायचो, कारण पडद्यावर हिरवी खूण दिसली की त्यांचा दिवस सार्थकी लागायचा. त्यांनी आपोआप मेसेज जाणारी यंत्रणा बसवली. नोंदणीच्या फॉर्मवर जो नंबर असेल, त्यावर आठवण जाणार, पोचली की हिरवी खूण.

“सिस्टर, आता तुमचा घसा सुटला,” ते म्हणाले.

“पण साहेब, मूल आलं की नाही ते कुठे दिसतं यात?”

“आठवण गेली ना? आपलं काम झालं. पुढचं त्यांचं.”

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शेळी दिसत नाही, फक्त काठी दिसते. मी त्यांचं ऐकलं नाही. माझे फोन चालूच ठेवले, अकरा ते बारा. सुलट कार्डांना. उलट्यांकडे बघितलंही नाही.

थंडी ऐन भरात असताना मोठ्या रुग्णालयातून कागद आला. फ्लू, त्यातून न्यूमोनिया, सहा दिवस अतिदक्षता विभागात. खाली त्या दम्याच्या पोराचा नोंदणी क्रमांक. आणि शेवटच्या ओळीत मृत्यूची तारीख, वेळ.

हिरवेसाहेब घामाघूम होऊन खोलीत शिरले. आधी त्यांनी पोराचं नाव विचारलं असेल असं कोणाला वाटेल. नाही. आधी त्यांनी पडदा उघडला.

“गेला होता मेसेज! हे बघा, हिरवं! पोचला होता.” त्यांनी खुर्चीत अंग टाकलं. “सुटलो बाबा. आपल्यावर काही नाही.”

मी पेटीतून कार्ड काढलं. मागे माझंच अक्षर: ‘बाप घर सोडून गेला. फोन फक्त आईला.’ मेसेज बापाच्या नंबरवर गेला होता. आणि त्याच्या वर, पहिल्या वर्षी लिहिलेलं: ‘आई कपडे धुण्याच्या कारखान्यात. दुपारी दीडनंतर करा म्हणाली.’ तीन वर्षं मी तिला अकरा वाजता फोन करत होते, कारण अकरा ही माझी सोय होती.

मी साहेबांना काही बोलले नाही. त्यांच्या हिरव्या खुणेत मलाही आडोसा मिळत होता. साहेबांची लाज वाटत होती मला इतके दिवस. त्या दिवशी माझी वाटली.

महिन्याभरानं ती आली. कडेवर दोन वर्षांची मुलगी. नेहमीसारखी ताडताड चालत आली आणि टेबलासमोर उभी राहिली. आता ओरडेल, मी मनाशी म्हटलं. ओरडूच दे.

“यंदा तुमचा फोन आला नाही,” ती म्हणाली. “मला वाटलं, लस आलीच नसेल अजून.”

मी पेन खाली ठेवलं.

“लस आली होती. मीच फोन केला नाही. तुम्ही ओरडलात म्हणून तुमचं कार्ड मी बाजूला टाकलं होतं.”

तिनं माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मुलगी तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राशी खेळत होती.

“तिथं मशीनचा आवाज असतो, सिस्टर,” ती म्हणाली. “ओरडल्याशिवाय माझं मलाच ऐकू येत नाही. आणि मुकादम समोर उभा असायचा. त्याला ऐकवायला बोलायचे तक्रारीचं.” मग तिनं मुलीची बाही वर केली. “हिला द्या. आणि हिचं कार्ड करा. माझा नंबर घाला. मी ओरडले तरी फोन करा.”

मी सुई दिली. ती गेल्यावर पेटी टेबलावर घेतली आणि उलटी कार्डं एकेक करून सरळ केली. एकतीस होती. त्या आठवड्यात सगळ्यांना फोन केले. चौघांनी शिव्या घातल्या. एकोणीस मुलं आली.

यंदा पहिला फोन तिलाच केला. दुपारी बरोबर दीड वाजता. रिसीव्हर कानाला घट्ट लावून बसले. पहिल्याच घंटीला तिनं उचलला.

“सिस्टर ना? हो, उद्या आणते तिला,” ती म्हणाली. मागे यंत्रं बंद होती. तिचा आवाज इतका हळू होता की मला नीट ऐकावं लागलं. “आठवण केलीत, बरं झालं.”

मी फोन ठेवला नाही. पोरावरून तरी ती ओरडेल म्हणून वाट बघत राहिले.

“अजून काही होतं का, सिस्टर?” तिनं विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.