पोआलेनब्रु कुणाची

जिल्ह्याच्या संग्रहालयातली बाई जुने पदार्थ टिपून घ्यायला रेकॉर्डर घेऊन गावात आली, तेव्हा सगळ्यांनी तिला तोआदेरचं घर दाखवलं. भट्टीतली गोड पोआलेनब्रु खावी तर त्याच्या आईच्या, कातिंकाच्या हातची, असं सिरेत नदीकाठच्या चार गावांत म्हणत. खरं तर म्हातारीने अंथरूण धरून सहा वर्षं झाली होती. हात सुनेचे होते, झम्फिराचे.

त्या दिवशीही भट्टीपाशी तीच होती. फुगलेल्या कणकेचे चौकोन, मधोमध ताज्या चीजचं आणि बेदाण्यांचं सारण. मग चारही टोकं आत दुमडायची, कामाला लागलेली बाई ओचा कमरेला खोचते तशी. नावाचा अर्थही तोच.

"आजी, ही पाककृती तुमच्याकडे आली कुठून?" पाहुणीने विचारलं.

"आईकडून. आईला तिच्या आईकडून," कोपऱ्यातल्या पलंगावरून कातिंका म्हणाली. "जमीनदाराच्या कोठीवर सैपाकाला होती ती."

झम्फिराचे हात थांबले. चव्वेचाळीस साली रशियन फौजा आल्या, तेव्हा तिची आई पाच वर्षांच्या तिला कडेवर घेऊन सरहद्दीवरची प्रूत नदी ओलांडून आली होती. कातिंकाने मायलेकींना गोठ्यात जागा दिली आणि आईला कामाला जुंपलं. या घरातली पहिली पोआलेनब्रु आईने केली, इथेच. दुष्काळाच्या वर्षी ती तापाने गेली. पोर गोठ्यात राहिली, राबली, पुढे त्याच घरची सून झाली. एवढी हाताशी आलेली मोलकरीण कोण सोडतं?

"ती माझ्या आईची आहे," झम्फिरा म्हणाली. "या तिच्याकडून शिकल्या."

"तुझी आई दारात भाकरी मागत आली होती," कातिंका शांतपणे म्हणाली. "ती काय शिकवणार मला?"

झम्फिराने नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही आठ वर्षांचे होतात. पहिली मोडलेली पोआलेनब्रु आई तुम्हालाच द्यायची. सांगा की."

तोआदेर टोपी चाचपत राहिला. "इतकं जुनं कुणाला आठवतंय? आणि लोकांपुढे कशाला?"

पाहुणी मात्र भली होती. तिने वही उघडली. "मावशी, मी लिहिते ना. आईचं नाव काय? गाव कुठलं?"

झम्फिराला सांगता येईना. तिच्यासाठी ती नुसती 'आई' होती आणि गावासाठी 'ती पळून आलेली'. रशियन अशांना शोधून परत नेत, म्हणून कुठल्या दप्तरात नोंद केलेली नव्हती. लग्नाआधी तिने सासूला नाव विचारलं होतं. पहिल्या बाळंतपणातही विचारलं. दर वेळी कातिंका म्हणायची, "सांगेन कधीतरी, नीट वागलीस तर." झम्फिरा आयुष्यभर नीट वागली होती.

ती पलंगापाशी जाऊन उभी राहिली. "आता सांगा. माझ्या आईचं नाव काय होतं?"

म्हातारी छताकडे बघत म्हणाली, "मला काय ठाऊक?"

"तुम्ही सांगेन म्हणायचात."

"म्हणायचे. मी तिला 'ए' म्हणून हाक मारायचे. ती यायची. नाव विचारायची गरजच पडली नाही कधी."

पाहुणीने रेकॉर्डर बंद केला. निघताना ती झम्फिराला हळूच म्हणाली, "नावाची जागा कोरी सोडता येत नाही हो, मावशी." पुढे पुस्तिका छापून आली, तिच्यात कातिंकाचं नाव होतं आणि फोटोत झम्फिराचे हात.

नोव्हेंबरात पितरांचा शनिवार आला. बायका ताटं आणि मृतांच्या नावांच्या चिठ्ठ्या घेऊन देवळात जमल्या. झम्फिरा दर वर्षी चिठ्ठीवर 'मारिया' लिहायची. खरं नाव कळेपर्यंत चालेल म्हणून. या वर्षी तिने नुसतं ताट पुढे केलं.

"चिठ्ठी?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"नाही."

"अगं, नावाशिवाय मी कुणासाठी प्रार्थना वाचू?"

ती ताट घेऊन बाजूला झाली. बाबा मागच्या बाईची चिठ्ठी घेऊन वाचायला लागले.

ती घरी आली तेव्हा आतून हाक आली, "ए, मला भूक लागलीय." झम्फिराने कोट न काढताच बशी भरली आणि नेऊन दिली.