सहादू चोर नव्हता

“एका कोर्टानं सोडलं, दुसऱ्यानं धरलं! मंग निर्दोष सुटलो त्याचा उपेग काय, ताई?” वकील मंजुषाताईंच्या टेबलावर हात आपटून कुंदन म्हणाला. निकाल नुकताच लागला होता. नाशिकच्या दिवाणी कोर्टाने सहादूच्या मृत्यूला कुंदनलाच जबाबदार धरून भरपाईचा हुकूम दिला होता आणि त्याला अपील करायचं होतं.

पिंपळगावकडच्या बागांत द्राक्षात साखर भरू लागली की चोरांच्या धास्तीने मालकांची झोप उडते. मग कोणीतरी शहाणा कुंपणाच्या तारेत रात्रीपुरता करंट सोडतो. ‘सगळेच सोडतात’ ही तर आपली आवडती पळवाट! कुंदननेही सोडला. पहाटे शेजारच्या मळ्यातला सहादू सुटलेलं वासरू आणायला गेला आणि तारेला चिकटून जागीच गेला.

पोलीस येण्याआधी कुंदनने तार गुंडाळून विहिरीत टाकली. भाऊबंदांनी तोंडाला कुलूप लावलं. शिवाय फौजदारी कोर्टात सांगितलं गेलं, की सहादू चोरी करायला शिरला होता. कुंदन सुटला! गुलाल उधळला, ढोल वाजले. आनंदाचे पेढे वाटताना आळीतलं एकही घर वगळायचं नाही ही गावाची रीत, म्हणून एक पुडा सहादूच्या घरीही गेला. नेणाऱ्याला काही वाटलं नाही आणि पाठवणाऱ्यालाही नाही.

मंजुषाताईंनी चष्मा काढला. “तू काही केलं नाहीस, असं फौजदारी कोर्ट कुठे म्हणालं? माणसाला तुरुंगात घालायचं तर गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. तो झाला नाही, म्हणून सुटलास. दिवाणीत बघतात, जास्त संभव कशाचा. बाग तुझी, विहिरीवरची मोटार तुझी, मीटर तुझं. करंट काय आभाळातून आला?”

“पन अपील करता येईल ना?”

“येईल की. मीच लिहीन. फक्त त्यात पुन्हा लिहावं लागेल, सहादू चोर होता. लिहू?”

कुंदनची मान खाली गेली. सहादूची बायको ठमाबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहून म्हणाली होती, “पैशाचं कोर्टानं बघावं. पन माझ्या पोरांना शाळंत चोराची पोरं म्हनतात. आन पेढं घरी आलं, तव्हा मला कळलं का माझा मानूस कोनी मारलाच नाय!” तेव्हा कुंदन खिडकीबाहेर बघत बसला होता. आता मात्र लाजेने त्याला दरदरून घाम फुटला.

“वासरू बागंतच उभं व्हतं, ताई,” तो पुटपुटला. “सहादूच्या हातात दावं व्हतं. म्या पाह्यलं.”

“मग हे मला कशाला सांगतोस?” ताई म्हणाल्या.

संध्याकाळी एसटीतून उतरून तो थेट ठमाबाईच्या दारात गेला. ती ओट्यावर मेथी निवडत होती. शेजारच्या बाया कान टवकारून थांबल्या.

“वहिनी, सहादूभाऊ वासरू न्यायला आला व्हता. करंट म्या सोडला. तार बी म्याच लपवली.”

“मोठ्यानं बोल.”

“वहिनी...”

“मला ठाऊकच हाय. गल्लीला ऐकू जाऊ दे.”

कुंदनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी गल्लीकडे तोंड करून तो ओरडला, “सहादू चोर नव्हता! माझ्या तारेनं मेला तो!”

दाराआडून सहादूची दोन्ही पोरं बाहेर आली. ठमाबाईने त्यांना जवळ घेतलं. कुंदनला तिने ना बस म्हटलं, ना पाणी विचारलं. तो तसाच मान खाली घालून निघून गेला. अपील झालं नाही. भरपाई मात्र पोहोचली.

मंडळी, कोर्ट संशयाचा फायदा देतं, कारण त्याने डोळ्यांनी काही पाहिलेलं नसतं. आपण केलेलं आपण पाहिलेलं असतं. मग हाच फायदा आपल्या मनाकडे कोणत्या तोंडाने मागायचा?