चार आठवड्यांचा घोडा

विल्बर्ट हेट्टिआरच्चींना सगळं काढता यायचं, एक घोडा सोडून. आणि नशीब असं, की ज्या चित्रकथेने त्यांचं नाव सिंहली घराघरात पोचवलं, तिची नायिका पहिल्या अंकापासून घोड्यावर बसलेली होती.

ही नायिका म्हणजे मुतुमेणिका. कँडीच्या राजांच्या काळातली, डोंगरात वाढलेली, तलवार चालवणारी. 'चित्रकिरण' नावाच्या साप्ताहिकात ती १९७४ साली सुरू झाली आणि एकशे शहाण्णव आठवडे चालली. वाचक तिच्यावर जीव टाकायचे. तिच्या सुदा नावाच्या पांढऱ्या घोड्याबद्दल मात्र संपादकांकडे पत्रं यायची. 'आमच्या शेजाऱ्यांचा रेडा हरवलाय, तो तुमच्याकडे कामाला लागलाय का?' असं एकाने गॉलहून विचारलं होतं. शेवटी संपादकांनीच तोड काढली. "हेट्टिआरच्ची, घोडा उंच गवतात उभा करत जा. निदान पाय तरी झाकतील." तेव्हापासून मुतुमेणिकेच्या राज्यात जिकडेतिकडे कमरेएवढं गवत माजलं.

या गोष्टीला चाळीसहून जास्त वर्षं झाली. विल्बर्ट आता एकोणऐंशीचे होते आणि कोलंबोजवळ किरिबतगोडला बायकोबरोबर, सोमलताबरोबर, राहत होते. कधीमधी वर्तमानपत्रवाले मुलाखतीला येत, तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालत. बाकी दिवस सारोंग आणि बनियन.

इनोका आली तेव्हा ते बनियनवरच होते. इनोका पस्तिशीची, तिची स्वतःची छोटी प्रकाशनसंस्था होती. मुतुमेणिकेचे सगळे भाग एकत्र करून तीन खंडांत छापायचे, चांगल्या कागदावर, असं तिच्या मनात होतं.

विल्बर्टनी चेहरा गंभीर केला. "विचार करून सांगतो."

इनोका फाटकापर्यंत पोचली नव्हती तोच त्यांनी तिला हाक मारून परत बोलावलं.

"झाला वाटतं विचार," सोमलता आतून म्हणाली.

अडचण पुढे आली. "मामा, मूळ चित्रं कुठे आहेत?" इनोकाने विचारलं.

"संपादकांकडे."

"आणि संपादक?"

विल्बर्टनी बोट वर केलं. 'चित्रकिरण'च्या कचेरीत आता फरशांचं दुकान होतं. जुने अंक कचेरीच्या गोदामातच वाळवीने खाल्ले होते. स्वतः विल्बर्टकडे सात अंक होते, त्यातल्या दोहोंवर कढीचे डाग. इनोकाने वाचनालयं पालथी घातली, जुन्या पुस्तकवाल्यांना गाठलं, आणि दीडशेच्या आसपास अंक जमवले. उरलेल्यांसाठी तिने वर्तमानपत्रात चार ओळी छापून आणल्या. उत्तर एकच आलं, मावनेल्लहून, मोत्यासारख्या अक्षरात.

'माझ्याकडे एकशे शहाण्णवच्या एकशे शहाण्णव आहेत. न्यायचे असल्यास चित्रकारांना सोबत आणावे. त्यांना काही विचारायचे आहे. एमलिन तेन्नकून, निवृत्त पोस्टमास्तर.'

"बघ," विल्बर्ट म्हणाले, "अजून चाहते आहेत माझे."

"चाहते आहेत असं कुठे लिहिलंय?" सोमलता म्हणाली. "विचारायचं आहे असं लिहिलंय. मीही येते. गाडीत जागा आहे ना गं, इनोका?"

"आहे की, नेंदा." सिंहली रीतीप्रमाणे इनोका त्यांना मामा आणि तिला नेंदा, म्हणजे मामी, म्हणायची.

विल्बर्टना वाटलं होतं की ती गुडघ्यांचं कारण सांगून घरी राहील. पण ती सकाळी त्यांच्याआधी तयार होऊन फाटकात उभी होती.

कँडीच्या रस्त्याला लागल्यावर इनोकाने कांजिण्यांची गोष्ट काढली. ती सगळ्या मुलाखतींमध्ये असायची. ७६ साली विल्बर्टना कांजिण्या आल्या होत्या. दारावर कडुलिंबाचा डहाळा, अंगात ताप, पण अंक चुकवायचा नाही म्हणून त्यांनी अंथरुणावर पडूनच अठ्ठ्याऐंशी ते एक्क्याण्णव असे चार भाग काढले. आणि गंमत म्हणजे, ते चार भाग सगळ्यांत सरस उतरले. त्यात मुतुमेणिका उघड्या माळावरून, कुठेही गवताची काडी नसताना, घोडा दौडवत जाते.

"दृढनिश्चय," विल्बर्ट म्हणाले. "दुसरं काय? शरीर थकलं की हात मोकळा सुटतो."

"बोटावरच्या फोडाचं सांगा ना," मागच्या सीटवरून सोमलता म्हणाली. "तो फुटून कागदावर पाणी पडलं होतं, ते. तुम्ही फार छान सांगता ते."

विल्बर्टनी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्याकडेच्या काजूवाल्या बायका गाड्यांना हात करत होत्या. "काजू घेऊ या का?" ते म्हणाले.

एमलिन तेन्नकून ऐंशीच्या पुढच्या होत्या, काठीसारख्या ताठ. घर डोंगराच्या उतारावर होतं आणि ओसरीतल्या कुंड्या उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या. टेबलावर त्यांनी चार जाड बाडं मांडून ठेवली होती. दर आठवड्याचं पान कापून, चिकटवून, कापडी बांधणी केलेली. इनोकाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"बसा, महत्तया," एमलिनबाई विल्बर्टना म्हणाल्या; महत्तया म्हणजे साहेब. "नाही, त्या खुर्चीत नको, तिचा पाय मोडका आहे. तुमच्या घोड्यासारखा."

सोमलता खुदकन हसली. विल्बर्टनी इस्त्रीचा सदरा सावरत दुसरी खुर्ची धरली.

बिनदुधाचा चहा आला, बरोबर गुळाचे खडे. एमलिनबाईंनी पहिलं बाड उघडलं. प्रत्येक पानाच्या समासात तांबड्या शाईने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं.

"हे काय, मिस?" इनोकाने विचारलं.

"शेरे. टपालखात्यात मला चूक दिसली की नोंदवायची सवय. भाग बारा. मुतुमेणिकेची तलवार पहिल्या चौकटीत डाव्या कमरेला, दुसऱ्या चौकटीत उजव्या. मध्ये तिने काय केलं, महत्तया?"

"घाईत..." विल्बर्ट म्हणाले.

"भाग चाळीस. राजाला सहा बोटं."

"राजांना असतात कधी कधी."

"फक्त मंगळवारी काढलेल्या राजांना," सोमलता म्हणाली. "बुधवारी सकाळी चित्रं द्यायची असायची ना."

तिघी बायका हसल्या. विल्बर्टनी गुळाचा मोठा खडा तोंडात टाकला, म्हणजे बोलावं लागू नये.

एमलिनबाईंनी दुसरं बाड उघडलं आणि पान शोधलं. इथे समासात एकच ओळ होती. ती त्यांनी चष्मा लावून वाचली. "'भाग अठ्ठ्याऐंशी. आज पहिल्यांदा घोडा घोडा आहे. हा हात कोणाचा?'" त्यांनी चष्मा काढला. "हेच विचारायचं होतं. चाळीस वर्षं थांबले आहे."

"मिस, तेव्हा मला कांजिण्या..."

"वाचलंय मी. तापात माणसाची अक्षरं वेडीवाकडी होतात. अर्ज भरताना पाहिलेत मी असे लोक. तुमचा घोडा तापात सुधारला. तसं असेल तर तुम्हाला वर्षभर ताप यायला हवा होता."

इनोका विल्बर्टकडे पाहू लागली. सोमलता ओसरीतल्या लाल अँथुरियमकडे पाहत होती, जणू ती फुलं मोजायला आली होती.

"दुसरा प्रश्न," एमलिनबाई म्हणाल्या. "भाग त्र्याण्णव. सुदा कड्यावरून पडून मरतो. का? इतका चांगला घोडा मिळाला आणि दोन आठवड्यांत मारला? मी तेव्हा तीन दिवस धड जेवले नाही. चूक असेल तर समजू शकते. पण ही चूक नव्हती."

"कथेची गरज..."

"कथेला काही गरज नव्हती. मुतुमेणिका पुढे शंभर भाग पायी चालली." त्यांनी बाडावर हात ठेवला. "पाठवणाऱ्याचं नाव नीट नसेल तर मी पार्सल स्वीकारत नसे. हे पुस्तक होणार असेल तर नाव बरोबर हवं. नाहीतर बाडं इथेच बरी आहेत."

"तुमचं फणसाचं झाड पाहून येतो जरा," विल्बर्ट म्हणाले आणि उठले.

फणस चांगला होता, पण त्यांनी तो पाहिला नाही. ते झाडाला टेकून उभे राहिले.

सोमलताचे वडील नुवर-एळियच्या शर्यतींच्या तबेल्यात मोतद्दार होते. ती घोड्यांच्या पायांत खेळून मोठी झाली होती. लग्नानंतर ती विल्बर्टच्या चित्रांतल्या संवादांच्या फुग्यांमधली अक्षरं लिहायची, कारण तिचं अक्षर वळणदार होतं. कांजिण्यांत त्यांना हात उचलवत नव्हता तेव्हा तिनेच ते चार भाग काढले, आंब्याच्या लोणच्याची बरणी बाजूला सारून स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मग तिने ते संपादकांकडे पाठवून दिले. संपादकांनी उलटा निरोप धाडला, 'हेट्टिआरच्ची, आजारपण तुम्हाला मानवलं!' त्या वेळी त्यांनी खरं सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण ते गप्प राहिले. मग ती गोष्ट एकदा सांगितली, दोनदा सांगितली, आणि पुढे फोड, कागदावरचं पाणी, सगळं आपोआप जमत गेलं.

ते एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. ते बरे झाल्यावर सोमलता म्हणाली होती, "यापुढे घोडे मी काढत जाऊ का? तुमचा वेळ वाचेल." आणि त्यांनी तिला म्हटलं होतं, "घरात कामं थोडी आहेत का तुला?" ती परत फुग्यांतली अक्षरं लिहायला लागली होती. पण नव्या भागात सुदा काढायला बसले तेव्हा त्यांना कळलं की आता वाचकांनी खरा घोडा पाहिलाय, गवताने भागणार नाही. दोन आठवडे त्यांनी तो खोडला आणि काढला, काढला आणि खोडला. नंतर कड्यावरून ढकलून दिला. त्या भागाला नऊशे पत्रं आली होती. ते काढताना मी रडलो, असं ते मुलाखतीत सांगायचे. रडले होते खरेच, पण घोड्यासाठी नाही.

ते ओसरीत परतले तेव्हा तिघी केळ्यांबद्दल बोलत होत्या.

"मिस," विल्बर्ट उभ्यानेच म्हणाले, "ते चार भाग हिने काढले. सोमलताने. मी नुसता पडून होतो. आणि घोडा मी मारला, कारण मला तो जमेना आणि हिला जमायचा."

इनोकाने कप खाली ठेवला.

"मला वाटलं, तुम्ही विसरलात," सोमलता म्हणाली.

"विसरलो नव्हतो."

"मग चाळीस वर्षं काय करत होता?"

"सदऱ्याला इस्त्री," एमलिनबाई म्हणाल्या, आणि विल्बर्टनाच आधी हसू फुटलं. पण सोमलता हसली नाही. तिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "मला तेव्हा फार राग आला होता. घोड्याचा नाही. कामं थोडी आहेत का, असं म्हणालात त्याचा."

"माहीत आहे," विल्बर्ट म्हणाले. ते मोडक्या पायाच्या खुर्चीत बसले, आणि सगळ्यांनी एकदम ओरडून त्यांना उठवलं.

संध्याकाळच्या आत चारही बाडं गाडीच्या मागच्या सीटवर सोमलताच्या मांडीशी होती. एमलिनबाईंनी पावती लिहून घेतली, एक प्रत स्वतःकडे ठेवली.

इनोकाने पुस्तकावर दोन नावं छापली. त्यावर कुरबुर झाली. जुन्या चाहत्यांपैकी एकाने वर्तमानपत्रात लिहिलं की म्हातारपणी हेट्टिआरच्ची बायकोला घाबरायला लागले आहेत. विल्बर्टनी उत्तर धाडलं, 'आधीपासूनच घाबरतो, फक्त आता छापून आलं.' तीनही खंडांची मुखपृष्ठं सोमलताने नव्याने काढली. महिनाभर ती नको नको म्हणत होती, आणि मग एकदा काढायला लागल्यावर तिने इनोकाला सहा नमुने पाठवले. इनोकाला त्यातले तीन निवडता येईनात.

सप्टेंबरच्या कोलंबोच्या पुस्तकमेळ्यात दोघांना सह्या करायला बसवलं. विल्बर्ट भराभर सही करायचे. सोमलताने आयुष्यात टपालवाल्याच्या वहीखेरीज कुठे सही केली नव्हती, ती प्रत्येक पुस्तकावर पूर्ण नाव लिहायची आणि समोरच्याची चौकशी करायची. कुठून आलात, आई कशी आहे, जेवलात का. रांग दारापर्यंत गेली.

"मामा, तुम्ही जरा पुस्तकं उघडून द्या नेंदांना," इनोका म्हणाली. "पटापट होईल."

विल्बर्ट पानं उघडून देऊ लागले. एक बाई मुतुमेणिकेची वेणी कोणी काढली ते विचारत होती. "ती मी," ते म्हणाले. "वेणी माझीच." सोमलताने तेही पुस्तकावर लिहून दिलं.

पुढच्या सोमवारी ते सकाळी उठले तर त्यांच्या टेबलाशी ती बसली होती, शाईची बाटली उघडून. कोणा मासिकाने तिच्याकडे एका पानाची चित्रकथा मागितली होती. विल्बर्टनी खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"सावली पडते तुमची," ती म्हणाली.

ते बाजूला झाले आणि तिच्यासाठी चहा टाकायला गेले.