अख्खा टॉप

"थांबा आई, कोपर अडकलंय, थांबा," असं ती म्हणेपर्यंत सासूबाईंनी चांगल्या हाताने तिला जोरात ढकललं होतं. राखाडी टॉप अर्ध्यावर राहिला. सासूबाईंचं डोकं आत, उजवा लुळा हात बाहेर लोंबलेला, आणि आतून येणारा दबका आवाज कण्हण्याचा की शिवीचा, ते कळायला मार्ग नव्हता.

"अहो, असे उभे काय राहिलात, धरा की वरून!"

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या वस्तू कशा सोडवायच्या हे त्याला माहीत होतं, पण ती वस्तू म्हणजे स्वतःची आई असली की काही सुचत नाही. त्याने घाबरून टॉप एकदम वर खेचला. बगलेपासून कमरेपर्यंतची टीप तट्‌तट्‌ करत उसवत गेली. सासूबाईंचा चेहरा बाहेर आला तो लालबुंद, केस पिंजारलेले, डोळ्यांत पाणी.

"फे," त्या म्हणाल्या. तोंडाची एक बाजू हलत नव्हती. पुन्हा जोर लावून म्हणाल्या, "फेक."

तिने फेकला नाही. चुरगाळून हातात घेतला आणि बाहेरच्या खोलीत येऊन शिलाई मशीनसमोर उभी राहिली. बसवेना म्हणून खिडकीपाशी गेली, खिडकीपासून ओट्यापाशी, आणि परत मशीनपाशी.

कारखान्यात तिला सगळे गळेबाई म्हणत. टी-शर्ट आणि बनियनांचा कारखाना होता. मशीनची लांब रांग. पहिली बाई खांदे जोडायची, दुसरी गळा लावायची, तिसरी बाह्या, चौथी बाजू, शेवटची घेर. ही दुसरी. तरुणपणी त्या खुर्चीवर बसली ती कारखाना बंद होईपर्यंत तिथेच. गळ्याची पट्टी गळ्यापेक्षा थोडी लहान असते. ती चालत्या सुईखाली हाताने अशी ताणत न्यायची की गळा अंगावर चापून बसावा आणि चुणी मात्र एकही पडू नये. तिच्या गळ्यात चुणी कधी सापडली नाही. पण तिच्या हातातून पीस पुढे सरकला की तिने कधी मान वळवून पाहिलं नाही. पाहायला वेळच नव्हता, पुढचा पीस आलेला असायचा.

मग मालकांनी यंत्रं दुसरीकडे हलवली. जाताना उरलेल्या ठाणांचे तुकडे बायकांना वाटून टाकले. तिच्या वाट्याला आलेलं गाठोडं पलंगाखाली गेलं आणि ती घरी बसली. बसली म्हणायचं आपलं. तिचे हात शिवशिवायचे. डबे काढून पुन्हा लावायची, धुतलेलं फडकं पुन्हा धुवायची, जेवताना टेबलाखाली तिचा पाय पेडल मारल्यासारखा हलत राहायचा.

"अगं, बस की जरा," नवरा म्हणायचा. "लिफ्टसुद्धा मजल्यावर आल्यावर थांबते."

अशातच झटका येऊन सासूबाईंची उजवी बाजू गेली.

सासूबाई म्हणजे गल्लीच्या शिवणकामवाल्या. घरातलं काळं पायमशीन त्यांचंच. नुसतं माणूस दारातून येताना पाहिलं तरी छातीचं माप सांगायच्या. सुनेच्या नोकरीबद्दल त्यांचं मत पहिल्या वर्षी ठरलं ते बदललं नाही. "दिवसभर एकच टीप मारायची, ह्याला काय शिवणं म्हणतात? मला एक अख्खा कपडा करून दाखव, मग म्हणेन." सून ऐकून न ऐकल्यासारखं करायची. खरं तर तिने एकही अख्खा कपडा कधी केला नव्हता.

आता सासूबाईंचे स्वतःच्या हातचे, कडक सुती, बटणांचे कपडे त्यांनाच घालता येईनात. खांदा जरा उचलला की कळ मस्तकात जायची. शेवटी त्यांनी नकोच म्हटलं. चादर गळ्यापर्यंत ओढून पडून राहायच्या. त्यांची शेजारची मैत्रीण भेटायला आली की भिंतीकडे तोंड करायच्या. बिचारी दारातूनच "झोपल्यात वाटतं" म्हणून परत जायची. त्या झोपलेल्या नाहीत हे तिलाही माहीत असायचं.

म्हणून गळेबाईने गाठोडं सोडलं होतं. मऊ, ताणलं की ताणणारं कापड, अंगाला टोचायचं नाही. नवऱ्याचा जुना टी-शर्ट वर ठेवला, खडूने भोवती रेघ मारली आणि कापला. गळा लावताना हात आपोआप चालले. बाकीचं तिने अंदाजाने जोडलं, आणि त्या अंदाजाचे धागे आता पलंगाभोवती पडले होते.

दुसऱ्या दिवशी फाटका टॉप पिशवीत कोंबून ती बाहीबाईकडे गेली. बाहीबाई म्हणजे रांगेतली तिच्या पुढची. इतकी वर्षं हिने लावलेल्या गळ्यांना ती बाह्या जोडत आली होती. आता एका लाँड्रीच्या काउंटरवर बसायची. वाफेने तिच्या चष्म्यावर धुकं आलं होतं.

"हे काय ग, कुत्र्याने ओढलं का?"

"सासूबाईंनी."

"तेच की." बाहीबाईने टॉप उलटा केला, दोन्ही हातांनी आडवा ओढला, मग उभा ओढला, आणि हसायलाच लागली. "अगं गळेबाई! ताण उभा ठेवलास की. आडवा हवा. माणूस आडवं जाड होतं, उभं नाही."

एवढी साधी गोष्ट. आपल्या हाताखालून गेलेल्या त्या ढिगांमध्ये ताण आडवाच होता, हातांना ते ठाऊक होतं. कापताना मात्र हातांना विचारायचं सुचलं नाही.

"आणि टीप का तुटते मग?"

"घरच्या मशीनची साधी टीप. कापड ताणतं, धागा ताणत नाही, मग तुटणारच. शिवताना कापड पुढून-मागून किंचित ताणून धर. बॉबिनला तो फुगीर लवचिक धागा भर. आणि सुई गोल टोकाची घे, नाहीतर विणीला भोकं पडतील." ती थांबली. "बाही तू बाजू शिवल्यावर लावलीस?"

"मग कधी लावायची?"

"बाही आधी, बाजू नंतर! कापड उघडं सपाट असतानाच लावून टाकायची. मग बगलेपासून खाली एकच टीप. इतकी वर्षं माझ्या पाठीमागे बसून काय केलंस ग?"

"गळे," ती म्हणाली. दोघी हसल्या, आणि मग हसू अर्ध्यातच राहिलं. बाहीबाई कुणाच्या तरी शर्टाची घडी घालू लागली.

"बाही मुंढ्याच्या गोलाईपेक्षा किती मोठी कापू?"

"जराशी."

"जराशी म्हणजे किती?"

"ते माझ्या हातांना माहीत आहे ग. मला नाही."

परतताना ती इतकी भरभर चालली की सुयांचं दुकान मागे टाकून पुढे गेली आणि वळून यावं लागलं.

घरी मशीन सुरू झालं, आणि आतल्या खोलीतून ठण्‌ असा आवाज आला. ती धावत आत गेली. सासूबाई डाव्या हातातला चमचा पलंगाच्या कठड्यावर टेकवून पडल्या होत्या.

"काय हवंय? पाणी?"

सासूबाईंनी डोळे वटारले. ती परत येऊन बसली. चार बोटं शिवलं असेल, पुन्हा ठण्‌. पाहिलं तर टाके सुटले होते, मधेच मोकळा धागा लोंबत होता. म्हातारी आतून आवाजावरून ओळखत होती. तिचंच मशीन होतं ते.

दुपारभर तसंच. टाका सुटला की ठण्‌, धागा सैल झाला की ठण्‌. कधी काही चुकलेलं नसतानाही ठण्‌. गळेबाईच्या डोक्याला मुंग्या आल्या. शेवटी ती तरातरा आत गेली.

"तुम्हाला काय! पडल्या पडल्या ठोकायला काय जातंय! मला येत नाही, नाही येत! मी फक्त गळे शिवलेत जन्मभर. तुम्ही म्हणायचात ते खरं होतं, झालं समाधान?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. आजारी माणसावर ती कधी ओरडली नव्हती. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग ओठांची चांगली बाजू वर गेली. त्या हसत होत्या. पुष्कळ दिवसांनी कुणीतरी त्यांच्याशी आजारी नसल्यासारखं भांडलं होतं.

"आण," त्या म्हणाल्या.

तिने अर्धामुर्धा टॉप आणून चादरीवर ठेवला. सासूबाईंनी डाव्या हाताने बाही चाचपली, मुंढा चाचपला, नाक मुरडलं. मग बोटं गळ्यापाशी आली. पट्टी त्यांनी ताणली, सोडली. पुन्हा ताणली, लांब, आणखी लांब, आणि सोडली. पट्टी होती तशी जागेवर आली. त्यांनी तसं तीन-चारदा केलं. नवं कापड हातात आलं की त्या पूर्वी जशा गप्प व्हायच्या तशा गप्प झाल्या होत्या.

"खा," त्या म्हणाल्या.

"खायला हवंय?"

मान जोराने हलली. "खा...लून." चादरीतून डावा पाय बाहेर आला. त्यांनी पायाकडे बोट दाखवलं, मग गळ्याकडे, आणि बोट हळूहळू पोटावरून वर खांद्यापर्यंत नेलं.

ती पलंगाच्या कडेला बसली. "पायातून? गळ्यातून पाय घालायचे आणि वर ओढायचा?"

सासूबाईंनी डोळे मिटून उघडले.

हात वर करायचाच नाही. टॉप कमरेवरून वर आणायचा, खाली असतानाच लुळा हात बाहीत सोडायचा, मग चांगला, आणि सगळं मिळून खांद्यावर चढवायचं. पण त्यासाठी गळा नितंबावरून जायला हवा आणि वर आल्यावर परत गळ्यावर बसायला हवा. कडक कापडाला हे कधी जमलं नसतं. जमलं तर याच कापडाला, आणि गळ्याला.

"तुमचं माप लागेल," ती म्हणाली.

सासूबाईंनी टेप मागितली. एक टोक दातात धरून, डाव्या हाताने, धापा टाकत त्यांनी स्वतःचं माप स्वतः घेतलं. सुनेला हात लावू दिला नाही. नव्या कापडावर खडूही त्यांनीच धरला. मुंढ्याची रेघ पोरांनी काढावी तशी वाकडी आली. त्या रागावल्या, पुसली, पुन्हा काढली. दुसरी थोडी कमी वाकडी होती. सुनेने कात्री रेघेवरूनच चालवली, स्वतःच्या मनाने सरळ केली नाही.

गळा तिने शेवटी लावला. पट्टी यावेळी लहान नको होती, नेमकी किती हवी ते कुणी सांगू शकत नव्हतं. तिने डोळे अर्धवट मिटून बोटांवर सोडलं. मशीन एका लयीत चालत राहिलं. आतून चमचा वाजला नाही.

घालताना नवऱ्याला बाहेर काढलं. पाय आत गेले, सासूबाईंनी चांगल्या पायावर जोर देऊन कंबर उचलली, गळा ताणत ताणत वर सरकला. लुळा हात बाहीत असा अलगद गेला की रोखून धरलेला श्वास सोडायलाच त्या विसरल्या. मग गळा मानेभोवती येऊन बसला, सपाट.

"दुखलं?"

सासूबाई खाली मान घालून स्वतःच्या छातीकडे बघत होत्या. बाहीची शिवण थोडी फिरली होती, घेर एका बाजूला खाली होता. त्यांनी ते सगळं नीट पाहिलं. मग दाराकडे बोट केलं. "बोला...व."

शेजारीण आली. चपला दारातच निसटल्या तिच्या. "अगं बया! कुठून आणलात?"

"शिव...ला," सासूबाई म्हणाल्या, आणि मग बोट आधी स्वतःकडे गेलं, मग थांबून सुनेकडे.

"बाई बाई, चांगलाय," शेजारीण म्हणाली. "घेर मात्र तिरका झालाय हो."

"माहि...ती आहे!" सासूबाई इतक्या जोरात म्हणाल्या की बाहेर नवरा खुर्चीवरून उठला.

त्यानंतर गाठोड्यातलं कापड संपेपर्यंत दोघी शिवत राहिल्या. निळा झाला, विटकरी झाला, एक पट्ट्यांचा झाला ज्याच्या पट्ट्या काही केल्या जुळल्या नाहीत. सासूबाई सकाळी उठल्या की बोटाने रंग निवडायच्या. दुपारी खिडकीशी खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे कपडे बघायच्या आणि नाक मुरडायच्या. भांडणंही होत. बाही किती मोठी यावर एकदा दोघी दिवसभर बोलल्या नाहीत.

पट्ट्यांचा टॉप अंगात असतानाच त्यांना दुसरा झटका आला. सकाळी, चहा पिताना. नवरा गाडी बोलावून त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेला. ही मागे घर बंद करून निघणार, तेवढ्यात फोन आला की येऊ नकोस, मीच येतो.

तो आला तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. तीत कंगवा, चष्मा, सपाता. आणि खाली टॉप.

"कापला त्यांनी," तो म्हणाला. "घाईत होते. मी सांगत होतो, पायातून निघतो, पायातून निघतो म्हणून. कुणाला ऐकायला वेळ नव्हता."

"असू दे."

"मी दोनदा सांगितलं त्यांना."

"असू दे हो. बसा तुम्ही."

तो बसला आणि लहान मुलासारखा गुडघ्यांवर हात ठेवून रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग त्याला पाणी दिलं, बहिणीला आई गेल्याचं कळवायला सांगितलं, आणि तो फोनवर बोलू लागल्यावर टॉप घेऊन सासूबाईंच्या पलंगावर पसरला.

मोठ्या कात्रीने एका दमात कापला होता, गळ्यापासून घेरापर्यंत सरळ. हे कापड कापलं म्हणून त्याचे धागे सुटत नाहीत. एकही सुटला नव्हता. दोन्ही कडा फक्त आतल्या बाजूला वळल्या होत्या, बारीक नळीसारख्या. तिने तळहाताने एक कड दाबून सपाट केली आणि थोडा वेळ तशीच धरून ठेवली. पट्ट्या क्षणभर सरळ दिसल्या.

मग तिने हात उचलला. कड हळूहळू पुन्हा आत वळली.