खिडकीखालची अबोली

मुंबईच्या डॉक्टरांनी सुंदराबाईला बजावून सांगितलं होतं, "हा हाडांच्या मगजाचा कॅन्सर आहे. तुमच्या नवऱ्याचे मणके पोखरलेत, म्हणजे पायरी तिसरी, शेवटचीच. पण मूत्रपिंडं अजून शाबूत आहेत, म्हणून पुढे 'ए' लिहिलंय. ती गेली की 'बी'. आजार तोच, पण वर्षांची गोष्ट महिन्यांवर येते. गोळ्या चुकवू नका आणि पाणी भरपूर पाजा."

पाणी! एवढंच ना? महाडला परतल्यावर ती हात धुऊन नवऱ्याच्या, जानूच्या मागे लागली. भरलेला तांब्या सदा उशाशी. पण प्यायलेलं बाहेरही पडणार, आणि पाठ मोडलेल्या गड्याला उचलून न्हाणीत न्यायचं कुणी? तिनेच. एकदा कंबर धरून ती फटकन बोलून गेली, "किती येळा उठवू तुमाला? मी काय दगडाची हाय?"

जानू एसटी डेपोत जन्मभर गाड्या धुतलेला माणूस, मुळातच अबोल. पुढे त्याच्या हाका कमी झाल्या. तांब्या मात्र रिकामा व्हायचा. उन्हाळा आहे, घामावाटे जात असेल, म्हणून ही बिनघोर. खुळी बाई!

मे महिन्यात पुन्हा मुंबई गाठली. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर चिडलेच, "मूत्रपिंडं गेली! पाणी देत नव्हता का?"

"देत नव्हते?" सुंदराबाई कडाडली. "तांबेच्या तांबे रिते केलेत त्यांनी!"

घरी आल्यावर अंगण झाडताना तिची नजर जानूच्या खिडकीखाली गेली. भर वैशाखात वाडीतल्या झाडांची काटकं झाली होती, आणि तिची अबोली फुलांनी लगडली होती. झाडू हातातच राहिला.

ती तणतणत आत आली. "तुमच्या बापानं चवदार तळ्याच्या पान्यापायी डोकं फोडून घेतलं, आन् तुमी पानी खिडकीतनं वतता?"

"तुजी कंबर मोडली असती गो," जानू हळूच म्हणाला. "मग दोगांला कोन बगनार व्हता?"

तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःच्या जिभेचा.

आता मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकत नव्हती; त्याचे पाय सुजले होते, धाप लागत होती. डॉक्टरांनी पाणी बांधून दिलं होतं, दिवसाला एक तांब्या, वर थेंब नाही. दुपारी ऊन रणरणू लागलं तेव्हा कितीतरी दिवसांनी जानूने आपणहून हाक मारली.

"सुंदरे, पानी दे गो. घसा सुकला."

तांब्या सकाळीच संपला होता.

"नाय देता येत," ती म्हणाली, आणि ओल्या पदराने त्याचे ओठ पुसून तिने तोंड फिरवलं.