दुनलांगच्या दारातला उपास

आमच्या मठाच्या अंगणात दगडी क्रूसाचा खांब उभा राहिला होता. वरचा गोल माथा मात्र दुनलांगच्या खाणीपाशीच पडून होता. कोलगु पाथरवटाने त्यावर मठ उभारणाऱ्या थोरल्या माईंची मूर्ती कोरली होती. दुनलांग आमच्या मुलखाचा राजा. बैल त्याचे, वाटही त्याच्याच शेतातून. त्याने निरोप धाडला, "म्हातारीला खरवडून काढा. तिथे घोड्यावर बसलेला मी हवा. मग बैल देतो."

कोलगुने छिन्नीच टाकली. मी पहाटेची प्रार्थना उरकली आणि जाऊन दुनलांगच्या दारात उपाशी बसले.

आमच्याकडे दाद मागायची हीच रीत. दारात कुणी उपाशी असताना धन्याने घास घेतला, तर त्याची पत गेली. मग त्याच्या शब्दाला कुणी विचारत नाही.

दुनलांग हसला. "बसा, लासरताई. दुपारी पोटात कावळे ओरडले की जाल आपसूक."

"कालचा बुधवार माझा उपासातच गेला, राजा. उद्या शुक्रवारचा आहेच. मधला एक दिवस जोडला, इतकंच."

तो नेमका विसरला होता की संध्याकाळी त्याचे मेहुणे जेवायला यायचे आहेत. ते आले तेव्हा आत अख्खं डुक्कर भाजून तयार होतं. पण यजमानाने पहिला घास घेतल्याशिवाय पाहुण्यांनी हात कसा लावायचा?

राणी मुरन कडाडली, "अहो, घोड्यावर बसायची हौस आहे ना? बसा मग! माझे भाऊ नुसता वास घेऊन परत जाऊ देत!"

"दाजी," धाकटा मेहुणा कळवळून म्हणाला, "राहू द्या की त्या दगडावरच्या म्हातारीला. डुक्कर करपतंय!"

दुनलांग उंबऱ्यात आला. त्याच्याआधी त्याचं पोटच बोललं.

"ताई, बैल न्या."

"आणि माई?"

"आहेत तिथेच राहतील."

"सगळ्यांसमोर म्हणा."

तो म्हणाला, चांगलं मोठ्याने. मग मी मुरनच्या हातून घोटभर दूध घेतलं, आणि आत एकच झुंबड उडाली.

दुसऱ्या दिवशी बैलांनी माथा आणला. सगळा गाव दोरांना लागला, खुद्द दुनलांगही. खांबाच्या खुंटीवर माथा धप्पकन बसला आणि घंटा वाजू लागली. बघते तर माईंचं तोंड बरोबर दुनलांगच्या वाड्याकडे.

"आता तुम्हाला त्याच्या दारात जायला नको, ताई," कोलगु हळूच म्हणाला.

आम्ही उन्हं कलेपर्यंत स्तोत्रं गात होतो. शुक्रवार होता, पण भूक कुणालाच आठवली नाही.