लाल दिसता कामा नये

आमच्या ऑफिसात माझं काम मोडतोडीचं. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम कुठे कोलमडतो ते मी शोधते आणि लिहिणाऱ्यांच्या शिव्या खाते. त्यातला एक माझा सख्खा दीर, म्हणून त्याच्या शिव्या जरा सभ्य.

त्या दिवशी जेवण उरकून मी भावजींचा शीतगृहाचा प्रोग्राम तपासायला घेतला. फळं पिकू नयेत म्हणून तिथल्या खोल्यांत नायट्रोजन सोडून ऑक्सिजन अगदी कमी ठेवतात. वास नाही, ठसका नाही. माणूस आत गेला की दोन श्वासांत आडवा. म्हणून प्रत्येक दाराबाहेर एक स्क्रीन आहे. ऑक्सिजन पुरेसा असेल तर हिरवी, नसेल तर लाल. आकडा सर्व्हरकडून येतो.

सवयीप्रमाणे मी चाचणीचा सर्व्हर बंद करून टाकला. स्क्रीन हिरवीच राहिली, आकडाही तोच.

“भावजी, सर्व्हर मेलाय आणि तुमची स्क्रीन हसतेय.”

“आधी व्हायची हो लाल,” ते म्हणाले. “सर्व्हर जरा अडखळला, पाचशे तीनची एरर आली, की लगेच लाल. मग शीतगृहाच्या मालकांची बोंबाबोंब, काम थांबलं म्हणून. साहेब म्हणाले, ग्राहकाला उगाच लाल दिसता कामा नये. म्हणून आता तीनदा विचारतो, नाहीच मिळालं तर आधीचा आकडा दाखवतो. थोड्या वेळात येतोच सर्व्हर ताळ्यावर.”

“आणि नाही आला तर?”

“वहिनी, तुम्ही म्हणजे ना! दुधातही खडा शोधाल.”

एरवी मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं असतं. पण मला सकाळचं बोलणं आठवलं. सकाळी डबा पिशवीत ठेवताना हे म्हणाले होते, “तीन नंबरच्या खोलीतला पंखा खडखडतोय. दुपारी आत जाऊन बघतो.” हे त्याच शीतगृहात मेकॅनिक आहेत. आत जाताना ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र सोबत न्यायचा नियम आहे. हे नेत नाहीत. “स्क्रीन माझ्या भावानं बनवलीय,” असं मिरवत सांगतात, “ती खोटं बोलायची नाही.” यावरून आमची कितीदा जुंपली, पण यांनी कधी मनावर घेतलं नाही. मला त्या अभिमानाचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर कौतुकही वाटायचं.

मी खऱ्या सर्व्हरला थेट विचारलं: तीन नंबरची खोली? पाचशे तीन, म्हणजे उत्तरच नाही. पुन्हा विचारलं. पाचशे तीन. शेजारी त्याच खोलीची स्क्रीन उघडली. ऑक्सिजन एकवीस टक्के, हिरवीगार.

भावजी माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांचा चेहरा उतरला.

“हा आकडा कधीचा?” मी विचारलं.

“काल खोली धुवायला दारं उघडी ठेवली होती, तेव्हाचा असेल. नंतर परत नायट्रोजन सोडला असणार.”

“तुमचे दादा आज त्याच खोलीत जाणार आहेत.”

यांना फोन लावला. उचलेना कोणी, कामाच्या वेळी तो कपाटात असतो. भावजींनी खुर्ची ओढली, आधीचा आकडा दाखवणारी ओळ खोडली आणि तिच्या जागी लिहिलं, उत्तर नाही तर लाल. तोवर मी शीतगृहाच्या वॉचमनला गाठलं.

“तीन नंबरच्या दाराकडे पळा. स्क्रीन खोटी आहे. कुणालाही आत सोडू नका, तुम्हीही जाऊ नका!”

फोन स्पीकरवर ठेवला. त्याची पावलं ऐकू येत होती, मग धाप. “नवा प्रोग्राम चढवला, वहिनी,” भावजी म्हणाले.

“ताई, घाबरू नका,” वॉचमन म्हणाला. “आत्ता माझ्यासमोर लाल झाली बघा. आता कोण जातंय आत?”

“दाराशी कुणी आहे?”

“कुणी नाही. दार लावलेलंय. बाहेर मिस्त्रींची डब्याची पिशवी आहे फक्त.”

भावजींनी माझा हात घट्ट धरला.

“आतून काही ऐकू येतंय?” त्यांनी विचारलं.

वॉचमननं दाराला कान लावला असावा.

“पंख्याची खडखड तेवढी येतेय,” तो म्हणाला.